परवरिशीची गोष्ट : एका जपानी कादंबरीच्या निमित्ताने

आपल्या साहित्यात आईला जेवढी जागा मिळाली तेवढी बापाला मिळालेली नाही. मराठीत साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घरोघर पोहोचली. उर्दूत मुनव्वर राणांनी आईला गझलेत मानाचे स्थान दिले. बाप मात्र बहुधा दोनच रूपांत भेटतो : एक तर दरारा असलेला, नाही तर राबून थकलेला. मूल स्वतःच्या हातांनी वाढवणारा बाप क्वचितच दिसतो. म्हणूनच मोजिकाकिया या टोपणनावाने लिहिणाऱ्या जपानी लेखकाची कादंबरी आम्हाला महत्त्वाची वाटली.

जपानमध्ये 2004 पासून इंटरनेटवर एक व्यासपीठ आहे. त्याच्या नावाचा अर्थच ‘चला, कादंबरीकार होऊ या’ असा आहे. तेथे कोणीही आपली कादंबरी प्रकरणाप्रकरणाने लिहू शकतो. ही कादंबरी 2017 मध्ये तेथे सुरू झाली, पुढे तिचे खंड छापले गेले आणि 2023 मध्ये तिच्यावर चित्रमालिकाही आली. आम्ही ती इंग्रजी अनुवादातून वाचली. तिचे लांबलचक नाव मराठीत असे सांगता येईल : ‘साहसवीर व्हायला शहरात गेलेली मुलगी एस दर्जाला पोहोचली’. एस हा त्या काल्पनिक जगातील अव्वल दर्जा.

बेलग्रीव्ह हा तरुणपणी राक्षसी प्राण्यांशी लढणारा साहसवीर. एका मोहिमेत त्याचा पाय जातो आणि लाकडी पाय लावून तो टर्नेरा या आपल्या डोंगराळ गावी परततो. तेथे रानात त्याला टाकून दिलेली एक तान्ही मुलगी सापडते. तिचे नाव तो अँजेलिन ठेवतो, एकट्याने तिला वाढवतो आणि तलवार चालवायला शिकवतो. बाराव्या वर्षी ती ऑर्फेन शहरात जाते आणि पाच वर्षांत मोठे नाव कमावते. मग तिला एकच ध्यास लागतो : रजा काढून घरी जायचे, बापाला भेटायचे आणि गावच्या रानातली आंबटगोड फळे खायची. पण निघायची वेळ आली की काही ना काही संकट उभे राहते आणि रजा रद्द होते.

राक्षसांच्या कथेत रजेचा प्रश्न एवढा मोठा व्हावा, हीच या कादंबरीची खरी गंमत आहे. कोकणातील ज्या घरांतून माणसे आखातात गेली, त्या घरांना रजेची वाट पाहणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. फरक एवढाच की आपल्याकडे बहुधा बाप दूर असतो आणि मुले दिवस मोजतात. येथे मुलगी दूर आहे आणि बाप शेत करीत, औषधी वनस्पती गोळा करीत, गावातल्या पोरांना शिकवीत वाट पाहतो. लेखक त्याच्या तोंडी विरहाची भाषणे घालत नाही. त्याची रोजची कामे दाखवतो आणि त्यातून सारे कळते.

आम्ही शिक्षक असल्यामुळे तालीम आणि तरबियत यांतला भेद आम्हाला रोज दिसतो. बेलग्रीव्ह स्वतः खालच्या दर्जाचाच साहसवीर राहिला. मुलीला द्यायला त्याच्याजवळ ना पैसा, ना ओळखपाळख. पण अँजेलिन आपल्या यशाचे सारे श्रेय बापाला देते. ‘लाल राक्षस’ अशी पदवी देऊन ती शहरभर त्याची तारीफ करते. बापाला याचा पत्ताही नसतो आणि कळते तेव्हा तो ओशाळतो. हा विनोद निर्मळ आहे. त्यामागची गोष्टही खरी आहे : मूल बापाला त्याच्या दर्जावरून मोजत नाही.

कादंबरीचा पुढचा भाग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. पाय गेल्यावर बेलग्रीव्ह जुन्या सोबत्यांना न सांगताच निघून आलेला असतो. ती जखम त्याने मनात झाकून ठेवलेली असते. मोठी झालेली मुलगीच त्याला त्या सोबत्यांच्या शोधात घराबाहेर काढते. परवरिश एकतर्फी नसते, हे लेखकाने येथे चांगले दाखवले आहे.

दोषही आहेत. अँजेलिनची बापाविषयीची ओढ काही ठिकाणी लाडिकपणाकडे झुकते आणि सतरा वर्षांची मुलगी सात वर्षांची वाटू लागते. बेलग्रीव्ह मुलीवर कधी चिडत नाही, चुकत नाही. इतका भला बाप प्रत्यक्षात सापडणे कठीण. हप्त्याहप्त्याने लिहिल्यामुळे लढाया लांबतात. ज्यांना फक्त घरातला भाग आवडतो, त्यांनी त्या भरभर वाचाव्यात.

तरीही एक प्रश्न उरतो. बारा वर्षांची मुलगी म्हणजे आमच्या शाळेतली सहावी-सातवीतली मुलगी. तिला राक्षसांशी लढायला पाठवावे असे कोणी म्हणणार नाही. पण पुढची शाळा दुसऱ्या गावात आहे, एवढ्याच कारणावरून याच वयाच्या किती तरी मुलींचे शिक्षण थांबते. थांबवणारे बाप निर्दय नसतात. त्यांना भीती वाटते. भीती बेलग्रीव्हलाही वाटते. तो मुलीला आधी तयार करतो, मग जाऊ देतो आणि परत येण्यासाठी घर तसेच उघडे ठेवतो. भीतीचा उपयोग मुलीला अडवण्यासाठी न करता तिला घडवण्यासाठी करणारा हा बाप आपल्या वाचकांना भेटायला हवा. कोणी ही कादंबरी मराठीत आणि उर्दूत आणली, तर आयांच्या आधी ती बापांच्या हाती द्यावी, असे आम्हाला वाटते.