हिचकॉकचा जिना: नुसता मोजून काय होणार?

हिचकॉकच्या सिनेमांत जिने किती, याचा तक्ता कुणीही करेल. त्यावर प्रबंध उभा राहत नाही. ‘सस्पिशन’मध्ये (१९४१) कॅरी ग्रँट दुधाचा ग्लास घेऊन जिना चढतो. दुधात चक्क दिवा लपवलाय, त्यामुळे नजर माणसावर नाही, ग्लासवर खिळते. ‘सायको’त (१९६०) गुप्तहेर वर पोचताच कॅमेरा छताला जातो, तो आईचा चेहरा झाकायला. ‘नटोरियस’मध्ये (१९४६) तर धास्ती खलनायकाला! नायक त्याच्या बायकोला त्याच्यादेखत खाली नेतोय. ओरडावं, तर ती अमेरिकेची हेर आहे हे खाली थांबलेल्या नाझी साथीदारांना कळणार. आपल्या तक्त्यात मात्र तिन्हींपुढे ‘जिना’ एवढंच. शेजारी एक रकाना वाढवा: या क्षणी कुणाला काय माहीत आहे? प्रेक्षकालाही त्यात धरा.