असंतोषाचा आकडा आणि पावाचा भाव

संगणकावरच्या खेळांविषयी बोलणे निघाले, की ते बहुधा मुलांच्या डोळ्यांपाशी आणि बुडणाऱ्या अभ्यासापाशी थांबते. परंतु काही खेळ म्हणजे इतिहासाची गणिती प्रारूपेच असतात, आणि वरच्या वर्गांतील मुले त्यांतून राज्यकारभाराविषयीच्या समजुती घेऊन येतात. त्या तपासायला हव्यात. त्यासाठी आम्ही स्वीडनमधील पॅराडॉक्स कंपनीचा, २०१३ साली निघालेला ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा खेळ निवडला आहे. १४४४ ते १८२१ या काळातील एखादे राज्य खेळणाऱ्याने चालवायचे, अशी त्याची रचना आहे.

खेळाचा मोठा गुण असा, की त्यात कोणताही निर्णय सुटा राहत नाही. सोन्याच्या खाणींचा महसूल वाढला की तिजोरी भरते. पण चलनवाढही होते आणि पुढचे खर्च महागतात. सोळाव्या शतकातील स्पेन आठवावा. पोतोसीसारख्या खाणींतून चांदीचा ओघ येत असतानाच भाव चढत गेले, आणि युद्धखर्चापायी दुसऱ्या फिलिपला १५५७, १५७५ व १५९६ मध्ये सावकारांची देणी थांबवावी लागली. अनेक राशी एकमेकींवर परिणाम करतात आणि तो उशिरा दिसतो, हे पाठ्यपुस्तकातील कारणांच्या यादीपेक्षा येथे चांगले उमगते.

आता असंतोष पाहू. प्रत्येक प्रांताला असंतोषाचा एक आकडा असतो. लोकांचा धर्म वा संस्कृती राज्यकर्त्यांपेक्षा वेगळी, प्रांत नुकताच जिंकलेला, युद्ध लांबलेले, राज्याचे स्थैर्य ढळलेले, अशा कारणांनी तो चढतो. तो शून्याच्या वर गेला, की बंडाची तयारी १०-१० टक्क्यांनी पुढे सरकू लागते. १०० टक्के भरले की बंड. उपायही ठरलेले आहेत. स्थानिक स्वायत्तता वाढवली की आकडा उतरतो, मात्र करही घटतो.

या प्रारूपाची एका घटनेवर परीक्षा घेऊ. सप्टेंबर १७७४ मध्ये फ्रान्सचा अर्थमंत्री तुर्गो याने धान्यव्यापारावरील बंधने उठवली. त्या वर्षीचे पीक वाईट आले होते. वसंतात पावाचा भाव भडकला आणि एप्रिल-मे १७७५ मध्ये पॅरिसच्या आसपास सुमारे ३०० ठिकाणी दंगे झाले. इतिहासात याला ‘पिठाचे युद्ध’ म्हणतात. या लोकांचा धर्म राजाचाच होता, प्रदेश जुना होता, १७६३ पासून शांतता होती. खेळाच्या हिशेबाने आकडा शून्याखाली राहायला हवा. प्रत्यक्षात सुमारे २५,००० सैनिक आणावे लागले. शिवाय अनेक ठिकाणी जमावाने धान्य नुसते लुटले नाही. आपल्याला रास्त वाटलेल्या भावाने पैसे मोजून ते नेले.

ही घटना प्रारूपात का बसत नाही? खेळात धान्य आहे, पण राजाचे उत्पन्न म्हणून. प्रजेचे अन्न म्हणून नाही. त्याचा भाव आणि असंतोष यांना जोडणारा नियमच नाही. फ्रेंच राज्यक्रांतीसारख्या प्रसंगांसाठी वेगळी तरतूद आहे, परंतु रोजच्या हिशेबात पोटाला जागा नाही.

प्रारूपाने काही गोष्टी सोडणे हा दोष नव्हे. आदर्श वायूच्या नियमात आपण रेणूंचे आकारमान सोडतो आणि कमी दाबाला ते चालतेही. मात्र काय सोडले, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. हा खेळ ते सांगत नाही. त्यामुळे बंड हा मुख्यतः परधर्मीयांचा आणि परक्यांचा स्वभाव आहे, आणि राज्य करणे म्हणजे आकडा खाली ठेवणे, अशी समजूत नकळत रुजते. तिचे परिणाम खेळापुरते राहत नाहीत.

म्हणून खेळावर बंदी घालण्यापेक्षा त्याचा वर्गात उपयोग करावा, असे आम्हांला वाटते. त्यासाठी संगणकही लागत नाही. फळ्यावर असंतोषाची खेळातील कारणे लिहावीत, शेजारी १७७५ ची हकीकत सांगावी, आणि कोणती राशी वाढवावी हे मुलांना ठरवू द्यावे. पावाचा भाव बहुतेक लगेच सुचेल. ‘रास्त भाव’ ही कल्पना आकड्यात कशी मांडायची, यावर मात्र वाद होईल. तो होऊ द्यावा.