हिहोनचा सामना आणि ‘प्रश्न सुटला’ लिहिण्याची घाई

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: “१९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी संगनमत केलं, त्यानंतर गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवायला सुरुवात झाली आणि हा प्रश्न सुटला.” गाईड मॅडमनी त्यात दोन ठिकाणी पेन्सिलीने रेघ मारली. ‘संगनमत केलं’ याच्या शेजारी लिहिलं, “तुला कसं कळलं?” आणि ‘प्रश्न सुटला’च्या शेजारी, “कुठे दिसलं?”

त्या दोन प्रश्नांनी माझे तीन आठवडे खाल्ले. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा पहिला लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलाय, त्यांच्यासाठी हा लेख. फुटबॉल आवडत नसेल तरी चालेल. आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यात ‘अमुक हरला आणि तमुक इतक्या फरकाने जिंकला तर आपण आत’ हे गणित तुम्ही नक्की केलं असेल. साखळी फेरी म्हणजे तेच.

आधी आकडे मांडू

स्पेनमधलं हिहोन शहर, २५ जून १९८२. गटात चार संघ: पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया, अल्जेरिया आणि चिली. पहिले दोन पुढे जाणार. तेव्हा विजयाला २ गुण होते. अल्जेरियाचे तिन्ही सामने आदल्या दिवशीच संपले होते. शेवटचा सामना सुरू होण्यापूर्वी तक्ता असा होता:

ऑस्ट्रिया: ४ गुण, गोलफरक +३
अल्जेरिया: ४ गुण, गोलफरक ०
पश्चिम जर्मनी: २ गुण, गोलफरक +२
चिली: बाहेर

अल्जेरियाने पहिल्याच सामन्यात पश्चिम जर्मनीला २-१ असं हरवलं होतं. त्यामुळे जर्मनीला जिंकणं भागच होतं, बरोबरी झाली तरी ते घरी जाणार होते. पण ऑस्ट्रियाला जिंकायची गरज नव्हती. एक किंवा दोन गोलांनी हरले तरी ते अल्जेरियाच्या वरच राहणार होते. ०-३ ने हरले असते तर मात्र गोलफरक अल्जेरियाइतकाच, म्हणजे शून्य झाला असता आणि जास्त गोल केलेला अल्जेरिया पुढे गेला असता.

दहाव्या मिनिटाला हॉर्स्ट ह्रुबेशने गोल केला. जर्मनी १-० पुढे. त्या क्षणी दोन्ही संघांना हवं ते मिळालं होतं आणि उरलेला बराचसा वेळ चेंडू आपापसात फिरवण्यात गेला. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, अल्जेरियाच्या समर्थकांनी नोटा फडकावल्या. अल्जेरियाने तक्रार केली, पण नियम मोडला गेलेला नाही म्हणून ती फेटाळली गेली.

पहिली रेघ: ‘संगनमत केलं’

आता स्वतःला विचारा: वर जे लिहिलंय त्यातलं आपल्याला दिसलं काय आणि आपण जोडलं काय?

मला इथे तीन गोष्टी सुट्या करायला लागल्या. एक, हितसंबंध: १-० हा निकाल दोघांच्या फायद्याचा होता. हे तक्त्यावरून सिद्ध करता येतं. दोन, माहिती: हे दोघांनाही आधीच ठाऊक होतं, कारण अल्जेरियाचा सामना होऊन गेला होता. हे वेळापत्रकावरून सिद्ध करता येतं. तीन, संगनमत: सामन्याआधी किंवा सामन्यात बोलून काही ठरलं होतं का? हे ना तक्त्यात दिसतं ना वेळापत्रकात.

आणि गंमत म्हणजे तिसऱ्या गोष्टीची गरजच नाही. १-० झाल्यावर ऑस्ट्रियाने हल्ला चढवला असता तर मागे जागा मोकळी पडून आणखी गोल खायचा धोका होता. जर्मनीने हल्ला चढवला असता तर प्रतिहल्ल्यात बरोबरी होऊन बाहेर पडायचा धोका होता. म्हणजे एक शब्दही न बोलता दोघांनीही स्वतःपुरता विचार केला, तरी तोच कंटाळवाणा खेळ झाला असता. ‘ठरवून केलं’ आणि ‘न ठरवता झालं’ या दोन्ही स्पष्टीकरणांतून एकच दृश्य निघत असेल, तर त्या दृश्यावरून त्यांच्यातलं एक निवडता येत नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, व्हायव्हात उपयोगी पडेल.

यात जर्मनी-ऑस्ट्रियाला सोडून देण्याचा हेतू नाही. अल्जेरियाच्या खेळाडूंवर अन्याय झाला, हे माझं आजही मत आहे. पण दोष माणसांच्या नियतीत शोधायचा की नियमात, यावर उपाय ठरतो. नियतीत असेल तर चौकशी करा, शिक्षा द्या. नियमात असेल तर उद्या दुसरे दोन प्रामाणिक संघही तेच करतील.

‘असं झालं नसतं तर?’

काउंटरफॅक्च्युअल हा शब्द ऐकून पुष्कळ जण घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एक गोष्ट बदलायची आणि पुन्हा हिशेब करायचा.

आदल्या दिवशी अल्जेरिया चिलीविरुद्ध मध्यंतराला ३-० पुढे होता. उत्तरार्धात चिलीने दोन गोल फेडले आणि सामना ३-२ असा संपला. समजा तो ३-० असाच संपला असता. मग अल्जेरियाचा गोलफरक +२ झाला असता. हिहोनमध्ये १-० झाल्यावर ऑस्ट्रियाचाही +२, पण गोल ३, आणि अल्जेरियाचे ५. म्हणजे ऑस्ट्रिया बाहेर! दहाव्या मिनिटानंतर ऑस्ट्रियाला जिवाच्या आकांताने बरोबरीसाठी खेळावं लागलं असतं. तेच संघ, तेच वेळापत्रक, आणि सामना पूर्ण वेगळा.

म्हणजे ‘वेळापत्रकामुळे झालं’ हेही अर्धंच खरं. वेळापत्रकाने माहिती दिली. पण ती माहिती दोघांनाही एकाच दिशेला ढकलेल अशी परिस्थिती तक्त्याने तयार केली होती.

याची उलट तपासणी १९७८ मध्ये मिळते. त्या वर्ल्ड कपच्या दुसऱ्या साखळी फेरीत ब्राझीलचा पोलंडविरुद्धचा सामना आधी संपला. मग अर्जेंटिना पेरूविरुद्ध उतरला तो चार गोलांच्या फरकाने जिंकायचंय हे पक्कं माहीत असूनच. निकाल ६-०. इथे माहितीचा प्रश्न तोच, पण पेरूला पुढे जायची संधीच उरली नव्हती, त्यामुळे दोघांचा समान फायदा हा भाग नाही. त्या सामन्याबद्दलही आरोप पुष्कळ झाले. ते बाजूला ठेवले तरी वेळापत्रकातला दोष १९७८ मध्येच उघड दिसत होता. तरीही १९८२ चं वेळापत्रक तसंच आखलं गेलं. मी मात्र माझी गोष्ट थेट हिहोनपासून सुरू केली होती, कारण सगळे तिथूनच सुरू करतात. प्रसिद्ध उदाहरण हे पहिलं उदाहरण असतंच असं नाही.

दुसरी रेघ: ‘प्रश्न सुटला’

१९८६ च्या वर्ल्ड कपपासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी होऊ लागले. माझ्या खर्ड्यात गोष्ट इथे संपत होती. आता पुढे बघू.

युरो २००४. डेन्मार्क आणि स्वीडन प्रत्येकी ४ गुण, इटली २. शेवटचे सामने एकाच वेळी: डेन्मार्क-स्वीडन आणि इटली-बल्गेरिया. गुण समान झाले तर आधी आपसातले सामने बघायचे, असा युरोचा नियम होता. इटलीने या दोघांशी ०-० आणि १-१ अशी बरोबरी केली होती, म्हणजे आपसातल्या सामन्यांत इटलीचा एकच गोल. त्यामुळे डेन्मार्क-स्वीडन सामना २-२ किंवा त्याहून मोठ्या बरोबरीत सुटला, तर इटली बल्गेरियाला कितीही गोलांनी हरवो, बाहेरच. सामना २-२ सुटला. तिकडे इटलीने भरपाईच्या वेळेत गोल करून विजय मिळवला, तो व्यर्थ गेला. अशा सामन्याला इटलीत ‘बिस्कोत्तो’, म्हणजे बिस्किट, असा खास शब्द आहे आणि तो तेव्हा आधीपासूनच चर्चेत होता.

एकाच वेळी सामने ठेवल्याने इथे काहीच फरक पडला नाही, कारण दुसऱ्या मैदानावर काय चाललंय हे कळायची गरजच नव्हती. समान गुणांचा नियमच तसा होता. पण थांबा, लगेच ‘म्हणजे त्यांनी ठरवलं होतं’ असं लिहू नका. स्वीडन १-२ ने मागे होता आणि हरला असता तर बाहेर गेला असता. त्याने बरोबरीचा गोल ८९ व्या मिनिटाला केला. जीव तोडून खेळणारा संघही हेच करतो. पुन्हा तेच: एक निकाल, दोन स्पष्टीकरणं.

आता २०१८ चं वोल्गोग्राद. जपान पोलंडविरुद्ध ०-१ मागे होता, आणि त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर सेनेगल कोलंबियाविरुद्ध ०-१ मागे. जपान आणि सेनेगल यांचे गुण समान, गोल समान, आपसातला सामना २-२. फरक फक्त कार्डांचा: जपानची पिवळी कार्डं ४, सेनेगलची ६. हे कळल्यावर जपानने शेवटची काही मिनिटं हरत असतानाही चेंडू मागेच फिरवत ठेवला. बातमी मैदानात पोहोचतेच, सामने एकाच वेळी असले तरी. पण इथे एक फरक आहे. सेनेगलने त्या मिनिटांत एक गोल केला असता तर जपान घरी गेला असता. हिहोनमध्ये दुसरीकडून असा गोल होण्याची भीतीच नव्हती.

माझ्या मते या नियमाचं खरं काम हेच आहे. तो माहिती बंद करत नाही, तर मिळालेली माहिती बदलू शकते ही धास्ती शिल्लक ठेवतो. ‘प्रश्न सुटला’ आणि ‘आळस करणं धोक्याचं झालं’ यांत फार अंतर आहे.

जे सामने कुणाला आठवत नाहीत

माझ्या यादीतली एक मोठी चूक मला उशिरा दिसली. मी फक्त संशयास्पद सामने गोळा केले होते. संधी होती पण तसं घडलं नाही, असे सामने कुठे होते?

२०१४ मध्ये रेसिफेत जर्मनी आणि अमेरिका भिडले. बरोबरी झाली तर दोघेही पुढे. अमेरिकेचा प्रशिक्षक युर्गन क्लिन्समन हा जर्मनीचा माजी प्रशिक्षक आणि जर्मनीचा योआखिम ल्योव्ह हा त्याचा तेव्हाचा सहायक. सामन्याआधी सगळीकडे हिहोनची आठवण निघाली. जर्मनी १-० ने जिंकला. योगायोगाने अमेरिकाही गोलफरकावर पुढे गेली. असे सामने यादीत नसतील तर ‘संधी मिळाली की संघ असं वागतात’ हे विधान करताच येत नाही, कारण भागाकारातला खालचा आकडाच तुमच्याकडे नाही.

आणि आताचं स्वरूप

२०१७ मध्ये फिफाने २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी ४८ संघ आणि तीन-तीन संघांचे १६ गट ठरवले. तीनच्या गटात शेवटच्या सामन्याला एक संघ बाहेर बसून बघतो. तिथे एकाच वेळी दोन सामने ठेवताच येत नाहीत. म्हणजे हिहोन नियम म्हणूनच परत आलं असतं. ज्युलियन गुयॉन यांनी २०२० मध्ये या धोक्याचा सविस्तर गणिती हिशेब मांडला. मार्च २०२३ मध्ये फिफाने निर्णय बदलून चार-चार संघांचे १२ गट केले. (लेखामुळे निर्णय बदलला असं लिहू नका. एकानंतर एक घडलं, इतकंच आपण म्हणू शकतो.)

पण यातही प्रत्येक गटातले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या १२ संघांपैकी सर्वोत्तम ८ पुढे जातात. गटाच्या आत सामने एकाच वेळी, पण गट वेगवेगळ्या दिवशी संपतात. आधी संपलेल्या गटातला तिसरा संघ हॉटेलात बसून वाट बघतो आणि शेवटच्या गटांना किती गुण, किती गोलफरक पुरेल हे आधीच कळलेलं असतं. हितसंबंध जुळले की झालं. शिवाय आधी ३२ संघांतून १६ बाहेर काढायला साखळीचे ४८ सामने लागायचे. आता ४८ मधून तेवढेच १६ बाहेर काढायला ७२ सामने. बाहेर पडायची भीती जितकी कमी, तितके ‘दोघांनाही चालेल’ असे निकाल जास्त संभवतात.

याची दुसरी बाजूही मांडायला हवी. बाराच्या बारा गट एकाच दिवशी संपवणं स्टेडियम आणि प्रक्षेपणाच्या दृष्टीने अवघड आहे, आणि जास्त देशांना संधी मिळणं ही छोटी गोष्ट नाही. तीनच्या गटांपेक्षा हे स्वरूप बरंच, यात मला शंका नाही. माझी तक्रार इतकीच, की ‘चारचे गट परत आले, आता काळजी नाही’ हे माझ्या जुन्या वाक्याचंच नवं रूप आहे.

शेवटी सिनॉप्सिसमध्ये गेलेलं वाक्य असं: “१९८२ मध्ये हिहोन येथे दोन्ही संघांना फायदेशीर ठरणारा निकाल त्यांना आधीच ठाऊक होता, सामने एकाच वेळी ठेवल्याने गटांतर्गत माहितीचा लाभ घेणं जोखमीचं झालं, मात्र समान गुणांचे नियम आणि तिसऱ्या क्रमांकाची पात्रता यांतून तोच प्रश्न इतर मार्गांनी उरतो.” लांबलचक आहे, मान्य. पण मॅडमनी त्यावर रेघ मारली नाही.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातलं ‘त्यानंतर हा कायदा झाला आणि प्रश्न सुटला’ छापाचं एक वाक्य काढा. त्यात हितसंबंध, माहिती आणि हेतू वेगळे करा. मग एक आकडा बदलून हिशेब पुन्हा करा, आणि जिथे तसं घडायला हवं होतं पण घडलं नाही असं निदान एक उदाहरण शोधा. ते सापडेपर्यंत वाक्य पेन्सिलीनेच लिहा.