कोऱ्या कागदावरची सही

मागच्या वेळी आपण क्रिप्टोच्या किल्ल्या कुठे आणि कशा ठेवायच्या यावर बोललो होतो. आज वॉलेटमधल्या एकाच बटणावर बोलायचं आहे. वॉलेटांची परीक्षणं ढिगाने निघतात, त्यांत किती नाणी चालतात, रंगरूप कसं आहे, सगळं असतं. पण ‘साइन मेसेज’ या सोयीबद्दल एकच ओळ असते: ‘आहे’ किंवा ‘नाही’. आमची तक्रार त्या एका ओळीबद्दल आहे. कारण सही ‘आहे’ म्हटल्यावर ती कोणती, कुणाला तपासता येणारी आणि नक्की कशावर केलेली, हे तीन प्रश्न तसेच राहतात.

दोन प्रसंग सांगतो, दोन्ही जाहीर नोंदीतले. २०१६ साली लंडनमध्ये क्रेग राइट यांनी गॅव्हिन अँड्रेसन या बिटकॉइनच्या जुन्या, मोठ्या विकासकासमोर ‘मीच सातोशी’ हे दाखवण्यासाठी एका सुरुवातीच्या ब्लॉकच्या किल्लीने संदेशावर सही केल्याचं दाखवलं. तपासणीसाठी नवा लॅपटॉप आणला, त्यावर इलेक्ट्रम हे वॉलेट उतरवून घेतलं. पहिल्यांदा पडताळणी नापास झाली, कारण संदेशाच्या शेवटची आद्याक्षरं टाइप करायची राहिली होती. ती घातली आणि पास झाली. अँड्रेसन यांची खात्री पटली. पण ती सही त्यांना घरी न्यायला मिळाली नाही! पुढे लंडनच्या उच्च न्यायालयात असं सत्र बनावट कसं घडवता येतं हे तज्ज्ञांनी मांडलं, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायमूर्ती मेलर यांनी राइट हे सातोशी नाहीत असा निर्णय दिला.

दुसरा प्रसंग मे २०२० चा. फ्लोरिडातल्या खटल्यात राइट यांनी आपले म्हणून जे पत्ते दिले होते, त्यांपैकी १४५ पत्त्यांच्या किल्ल्यांनी कुणीतरी एक संदेश सही करून जाहीर केला. आशय असा, की राइट खोटारडे आहेत आणि या किल्ल्या त्यांच्याकडे नाहीत. सही करणारा कोण, हे जाहीर झालं नाही. त्याची गरजही नव्हती. संदेश, पत्ता आणि सही या तीन गोष्टी उचलून जगातल्या कुणीही आपल्या घरच्या संगणकावर तपासून पाहाव्यात, इतकं ते साधं होतं.

वॉलेट निवडताना आम्ही पहिली कसोटी इथूनच घेतो. सही ज्या वॉलेटमध्ये केली त्याच वॉलेटमध्ये ‘बरोबर’ दिसणं म्हणजे आपणच पेपर लिहून आपणच तपासणं. ती दुसऱ्याच्या, वेगळ्या लोकांनी लिहिलेल्या प्रणालीत तपासली गेली पाहिजे.

आणि इथेच गाडी अडते, बरं का. बिटकॉइन कोअर म्हणजे मूळ, मानाचं वॉलेट. त्याची सही-सोय वर्षानुवर्षे फक्त जुन्या, १ या आकड्याने सुरू होणाऱ्या पत्त्यांसाठी आहे. पण तेच वॉलेट नवा पत्ता मागितला की ‘बीसी१’ ने सुरू होणारा देतं. त्या पत्त्यावर सही मागा, चक्क नकार येतो. म्हणजे घरात दार नवं बसवलं आणि बेल जुन्या दारालाच ठेवली. यामागे तांत्रिक कारण आहे, नाही असं नाही. जुन्या पद्धतीत सहीवरूनच सार्वजनिक किल्ली परत काढतात आणि ती पत्त्याशी जुळते का ते बघतात. नव्या पत्त्यांसाठी ही जुळणी कशी लिहायची यावर एकमत व्हायला वेळ लागला. इलेक्ट्रमने आपली रीत ठेवली, बीआयपी-१३७ या प्रस्तावाने २०१९ मध्ये दुसरी सांगितली. काही साधनं एक मानतात, दुसरी नाकारतात. टॅपरूटच्या पत्त्यांत श्नॉर सही असते, तिच्यातून किल्ली अशी परत निघतच नाही, त्यामुळे जुनी रीत तिथे संपलीच. बीआयपी-३२२ हा प्रस्ताव वेगळ्या वाटेने जातो: प्रत्यक्षात कधीच न पाठवायचा एक व्यवहार रचायचा आणि त्यावर सही करायची. यात बहुसही पत्तेसुद्धा बसतात. आम्हाला हीच वाट बरोबर वाटते. पण ती सगळ्या वॉलेटांत पोचलेली नाही, हे खरेदी करताना लक्षात ठेवायचं.

म्हणून स्पॅरो हे वॉलेट आम्हाला आवडतं. दिसायला काही फार देखणं नाही. पण सही करताना ते सरळ विचारतं, इलेक्ट्रमची रीत हवी, बीआयपी-१३७ हवी, की बीआयपी-३२२? ट्रेझरच्या स्वीटमध्येही सही आणि पडताळणीचं वेगळं पान आहे, आणि इलेक्ट्रमच्या रीतीने सही द्यायची सोय आहे. वापरणाऱ्याला भेद दाखवणं हा आम्ही गुण मानतो. लपवून ‘सोपं’ करणाऱ्या वॉलेटवर सही नाकारली गेली की माणूस दोन दिवस आपलीच चूक शोधत बसतो.

आता आपल्या भाषेचा मामला. सही होते ती मजकुराच्या बाइटांवर, डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांवर नाही. ‘कोऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असे दोन संकेत जोडूनही. काही कीबोर्ड तर साध्या ‘र’ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून हे जोडाक्षर घडवतात. पडद्यावर सगळे सारखे. तुम्ही एका रीतीने सही केली, समोरच्याने तोच शब्द स्वतः टाइप करून तपासला, तर पडताळणी नापास! अँड्रेसनच्या वेळी आद्याक्षरं निदान राहिलेली दिसली तरी. इथे काहीच दिसत नाही. मराठी संदेशावर सही करायची तर मजकूर फाइलमधूनच द्या, टाइप करायला सांगू नका, शेवटी मोकळी जागा किंवा नवी ओळ राहिली नाही ना तेही बघा. कोल्डकार्डसारखं हार्डवेअर वॉलेट तर संदेश अ‍ॅस्कीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांतच मागतं. तिथे मराठी संदेश सहीला चालतच नाही. हे वॉलेट वाईट म्हणून सांगत नाही. छोट्या पडद्यावर न वाचता येणाऱ्या मजकुरावर सही नको, ही त्यामागची भूमिका आम्हाला पटते. पण आपल्याला त्याची किंमत मोजावी लागते, एवढं खरं.

इथेरियमकडे वळलं की चित्र उलटं होतं. तिथे सही होत नाही ही अडचण नाही, फार सहज होते ही आहे. एकेकाळी संकेतस्थळं वॉलेटकडे नुसता ३२ बाइटांचा हॅश पाठवत आणि माणूस त्यावर सही करी. तो हॅश एखाद्या व्यवहाराचाही असू शकतो, म्हणजे ही अक्षरशः कोऱ्या कागदावर सही झाली. मेटामास्कने ती सोय आधी डीफॉल्ट बंद केली, नंतर काढूनच टाकली. उशिरा, पण बरं केलं. त्याआधीच संदेशापुढे ठरावीक शब्द जोडायची पद्धत, ईआयपी-१९१, आलेली होती, त्यामुळे संदेशाची सही व्यवहाराची सही म्हणून खपत नाही. जुन्या मराठी पत्रांत मजकूर संपल्यावर मोर्तब उठवत, पुढे कुणी दोन ओळी घुसडू नयेत म्हणून. साधारण तीच काळजी, फक्त इथे कागदाच्या वरच्या टोकाला.

मग ईआयपी-७१२ आलं. त्यात संदेशाला रकाने असतात: कोणाला, किती, कोणत्या मुदतीपर्यंत. वॉलेट ते रकाने वाचता येतील असे मांडू शकतं. हेतू चांगला. पण याच रीतीने काही टोकनांसाठी ‘माझ्या खात्यातून एवढी टोकनं काढायला यांना परवानगी’ असंही सही करून देता येतं, एक पैसा शुल्क न भरता. लोकांच्या डोक्यात मात्र बसलेलं असतं की शुल्क नाही म्हणजे धोका नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ओपनसीच्या १७ वापरकर्त्यांच्या एनएफटी अशाच, आधी फसवून घेतलेल्या सह्यांच्या जोरावर गेल्या.

मोठ्यांचीही तीच गत झाली. वझीरएक्स हे आपल्या मुंबईचं एक्स्चेंज. आज इथे बसलेल्यांपैकी काहींचे पैसे त्यात अडकले असतील. १८ जुलै २०२४ रोजी त्यांच्या बहुसही वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपये. ग्राहकांना आपलं क्रिप्टो काढून घेणं त्यानंतर वर्षाहून अधिक काळ बंद होतं. वझीरएक्सचं म्हणणं, लिमिनलच्या पडद्यावर दिसत होतं एक आणि सही झाली दुसऱ्याच मजकुरावर. लिमिनलचं म्हणणं, आमच्या प्रणालीत शिरकाव झालाच नाही. दोघांच्या वादात आम्ही पडत नाही. पण अशा वॉलेटमध्ये सही करणारा ईआयपी-७१२ च्या संदेशावरच सही करतो, आणि हातातल्या हार्डवेअरच्या पडद्यावर नुसता हॅश दिसत असेल तर चार जणांच्या सह्या घेऊनही उपयोग काय? चौघांनीही वाचलेलं नाही! सात महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, बायबिटचे सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले, तेव्हाही सही करणाऱ्यांच्या पडद्यावर भलतंच दाखवलं गेलं होतं.

तेव्हा इथेरियमचं वॉलेट निवडताना आम्ही हेच बघू, की सहीच्या पानावर कोणत्या संकेतस्थळाने मागणी केली ते स्पष्ट दिसतं का, रकाने उलगडून दिसतात का, आणि उपकरणाचा स्वतःचा पडदा तेच दाखवतो का. ‘साइन-इन विथ इथेरियम’ या रीतीत, म्हणजे ईआयपी-४३६१ मध्ये, संदेशातच संकेतस्थळाचं नाव, वेळ आणि एकदाच वापरायचा आकडा असतो. नाव जुळलं नाही तर मेटामास्क इशारा देतं. हे चांगलं आहे.

एक चिठ्ठी आली आहे, ‘एक्स्चेंजवरचं वॉलेट असेल तर सही होईल का?’ नाही होणार. तिथली किल्ली एक्स्चेंजकडे असते, तुम्हाला फक्त आकडा दिसतो. युरोपात राहणाऱ्यांना हे आता जास्त जाणवतं, कारण ३० डिसेंबर २०२४ पासून हजार युरोंच्या वरची रक्कम स्वतःच्या वॉलेटमधून एक्स्चेंजकडे किंवा उलट नेताना ते वॉलेट तुमचंच आहे याची खातरजमा एक्स्चेंजला करावी लागते, आणि त्यासाठी बरेचदा सहीच मागतात. म्हणून नवं वॉलेट घेतलं की त्यात पैसे टाकायच्या आधी एक पत्ता काढा, आजची तारीख आणि ‘चाचणी’ एवढंच लिहून सही करा, आणि ती सही दुसऱ्या कुठल्या तरी वॉलेटमध्ये तपासा. नापास झाली तर वॉलेट बदला, रिकामं असताना बदलणं सोपं असतं. आणि हो, ‘चाचणी’ शब्द एकदा इंग्रजी अक्षरांतही लिहून बघा, म्हणजे दोष वॉलेटचा की देवनागरीचा ते तिथेच कळेल.