बालगृहांतील वर्तनोपचार

जिल रॅथस व अलेक मिलर यांचें किशोरवयीनांसाठीं लिहिलेलें वर्तनोपचाराचें पुस्तक २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. तें आपल्या बालगृहांस कितपत मानवेल, एवढ्याच दृष्टीनें आम्ही येथें त्याचा विचार करणार आहों.

मूळ पद्धति मार्शा लिनेहान यांची. १९९३ सालीं त्यांनीं ती ग्रंथरूपानें मांडली, ती आत्मघाताकडे वारंवार वळणाऱ्या प्रौढांसाठीं. रॅथस-मिलर यांनीं ती मुलांकरितां नुसती सोपी केली नाहीं. आईबापांस मुलांशेजारीं एकाच वर्गांत बसविलें, आणि दोघांनींही हट्ट सोडून मधला मार्ग कसा धरावा याचा स्वतंत्र पाठ रचिला. ग्रंथाचें खरें वैभव या पाठांत आहे, आणि बालगृहाच्या दारांत तो अडतो तोही येथेंच. तेथें शेजारची खुर्ची रिकामी असते. (‘श्यामची आई’ वाचून वाढलेल्या आम्हां मराठी वाचकांस ही उणीव अधिकच जाणवावी.)

ही खुर्ची काळजीवाहक बाईंस द्यावी, असें कोणीही सुचवील. आम्हीही तेंच सुचवितों. परंतु मुलीनें आपल्या मनःस्थितीची रोजची नोंद एका कार्डावर करावयाची असते. सामायिक दालनांत तें कार्ड ठेवावयाचें कोठें? शिवाय ज्या बाईंनीं तें वाचून धीर द्यावयाचा, त्यांच्याच सांगण्यावरून तिच्या वागणुकीचा अहवाल बालकल्याण समितीपुढें जावयाचा! अशा स्थितींत शहाणी मुलगी ‘आनंदांत आहे’ एवढेंच लिहील. ही लबाडी नव्हे, आत्मरक्षण आहे.

अमेरिकेंत कॅन्सस येथें १९६७ सालीं ‘अचीव्हमेंट प्लेस’ हें घर निघालें. तेथें एक दांपत्य थोड्याशा मुलांसह राही. चांगल्या वर्तनास गुण, गुणांवर सवलती. त्याचें पहिलें अनुकरण मात्र फसलें. गुणांची पद्धत उचलली गेली, पण मुलांस तीं नवीं माणसें आवडेनात. मुलांचें मत विचारलेंच पाहिजे, हा माँट्रोस वुल्फ यांच्या १९७८ च्या लेखाचा आग्रह या अनुभवांतून आला.

नव्या मुंबईंत अडचण दुहेरी आहे. वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यांत, खारघर-कळंबोली रायगडांत. जिल्हा निराळा, समितीही निराळी. मूल एका संस्थेंतून दुसरींत गेलें कीं जुळलेली बाई सुटते, आणि पाठ पुन्हां पहिल्यापासून.

म्हणून मराठी रूपांतर करणाऱ्यांनीं शब्दांआधीं एक नियम ठरवावा: कार्ड मुलीचें, तें अहवालास जोडावयाचें नाहीं. जिवास धोका दिसेल तेवढाच अपवाद, आणि तो तिला पहिल्याच दिवशीं सांगितलेला असावा.