काडीकिड्याची बरणी

इंग्लंड-अमेरिकेतल्या शिक्षकांसाठी लिहिलेल्या विज्ञानपुस्तिकांत वर्गात पाळण्याजोग्या प्राण्यांची एक यादी असते, आणि त्या यादीत काडीकिडा हमखास असतो. तो चावत नाही, ओरडत नाही, त्याला वास येत नाही, तो पानांवर जगतो आणि शनिवार-रविवार शाळा बंद असली तरी त्याचे अडत नाही. या पुस्तिकांतल्या सूचना झेरॉक्स होऊन, कधी घाईघाईने भाषांतरित होऊन आपल्याकडेही पोचतात. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातल्या एखाद्या शिक्षकाने त्या जशाच्या तशा अमलात आणल्या तर काय होईल, हे येथे तपासायचे आहे. किडा जगेल का, हा त्यातला सोपा प्रश्न. तो जगला तर मुलांना त्यातून काय मिळेल, हा अवघड. पुस्तिका पहिल्यावर पानेच्या पाने खर्च करतात आणि दुसऱ्याला दोन ओळींत उरकतात, ही आमची मुख्य तक्रार आहे.

गंमत अशी की या पुस्तिकांतला काडीकिडा मूळचा आपल्याच देशातला आहे. तमिळनाडूतल्या पळनी डोंगरात, कोडाईकनालजवळच्या शेंबगनूरहून तो युरोपात गेला आणि 1901 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. कॅरॉशियस मोरोसस हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव. तेव्हापासून युरोपातल्या प्रयोगशाळांत आणि शाळांत त्याच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढत आहेत. या जातीत नर अगदी क्वचित आढळतो. मादी नराशिवायच अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. एक मादी काहीशे अंडी घालते, त्यामुळे एका शाळेतून दुसऱ्या शाळेत हा किडा सहज पसरला.

पण ‘भारतीय काडीकिडा’ या नावावरून तो खानदेशात सुखाने राहील असे समजणे चुकीचे ठरेल. पळनीचा डोंगर थंड हवेचा आहे. पुस्तिकांत 20 ते 25 अंश सेल्सियस तापमान सांगितलेले असते, ते त्या डोंगराच्या हवेशी जुळते आणि विलायती घरातल्या खोलीशीही जुळते. म्हणूनच हा किडा तिकडे टिकला. जळगावात मे महिन्यात पारा 43-45 अंशांवर चढतो, हे येथल्या वाचकाला सांगायला नको. पत्र्याच्या छपराखालच्या वर्गखोलीत काचेची बरणी ठेवली तर आतल्या जिवाचे काय होईल हे सांगायला कीटकशास्त्रज्ञही नको.

खाद्याचीही तीच गोष्ट. प्रिव्हेट, ब्लॅकबेरी, आयव्ही ही नावे भाषांतरात देवनागरीत उतरवून ठेवली की भाषांतरकाराचे काम संपते, शिक्षकाचे मात्र सुरूच होत नाही. या झुडपांपैकी एकही त्याच्या शाळेच्या आवारात नाही. येथे नुसता शब्द बदलून भागत नाही, नियम बदलावा लागतो. नियम असा: जो किडा ज्या झुडपावर सापडला, त्याच झुडपाची पाने त्याला द्यावीत. तो कोणत्या झाडावर होता हे पाहून ठेवणे, ते झाड ओळखणे, नंतर शेजारच्या झाडांची पाने देऊन तो कोणती खातो आणि कोणती नाकारतो याची नोंद करणे, हा महिनाभराचा अभ्यास आहे. तयार यादी हातात दिली की हा अभ्यास हातचा जातो. खानदेशात एक काळजी मात्र जास्त घ्यावी लागते. कपाशी आणि केळीच्या शेताजवळची पाने फवारलेली असू शकतात. बाजारातल्या गुलाबाच्या फांद्यांचीही खात्री देता येत नाही. पाने फवारणीपासून लांबच्या झाडाची आणावीत आणि धुऊन द्यावीत. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवली तर ताजी राहते. बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, नाहीतर पिल्ले आत उतरून बुडतात.

आता घर. झाकणाला भोके पाडलेली बरणी हे आपल्याकडचे सर्वांत रूढ कीटकघर, आणि काडीकिड्यासाठी सर्वांत वाईट. पुस्तिका सांगतात की पिंजऱ्याची उंची किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट हवी. हे बरोबर आहे, पण बहुतेक ठिकाणी कारण दिलेले नसते. कात टाकताना काडीकिडा पायांनी वर पकडून डोके खाली करून लोंबकळतो आणि स्वतःच्या वजनाने जुन्या कातडीतून खाली सरकत बाहेर येतो. जागा कमी पडली तर तो अर्धवट अडकतो, पाय वाकडे होतात, पुष्कळदा मरतो. बाहेर आलेल्या किड्याची लांबी जुन्या कातीपेक्षा बरीच जास्त असते, म्हणजे लोंबणारी कात आणि खाली उतरणारा किडा या दोघांना मिळून जागा लागते. हे कारण सांगितले तर मुले पिंजऱ्याची उंची स्वतः काढतील. नुसता ‘तिप्पट’ हा आकडा दिला तर ती तो पाठ करतील. केळीच्या एका उभ्या क्रेटला मच्छरदाणीचे कापड शिवले की उत्तम पिंजरा होतो, आणि तो माठाच्या शेजारी सावलीत ठेवला तर हवा दमटही राहते. पानांवर संध्याकाळी पाण्याचा हलका फवारा पुरे.

काडीकिडा पाळण्याचे खरे कारण पुस्तिकांनी सांगायला हवे होते, ते असे. आपल्या पुस्तकांत कीटकाचे जीवनचक्र म्हटले की फुलपाखरू येते: अंडी, अळी, कोष, फुलपाखरू, आणि चार चित्रांना जोडणारे बाण. मुलाला वाटते की सगळे कीटक असेच. काडीकिड्याच्या अंड्यातून निघते ते छोटे काडीकिडाच असते. ते मोठ्यांचेच खाद्य खाते, मोठ्यांसारखेच निपचित पडून काडीचे सोंग घेते आणि कात टाकत वाढते. कोष नाही, अळी नाही. अंड्यापासून अंड्यापर्यंतचा सगळा प्रवास एकाच पिंजऱ्यात, एकाच खाद्यावर, डोळ्यांसमोर घडतो.

आणि तो मोजता येतो. दर दोन दिवसांनी किड्याची लांबी मोजून आलेखावर मांडली तर सरळ चढणारी रेषा मिळत नाही, पायऱ्या मिळतात. दोन कातींच्या मधे लांबी जवळजवळ तेवढीच राहते आणि कात टाकली की एकदम उडी मारते, कारण बाहेरचे कवच ताणत नाही. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ हॅरिसन डायर यांनी 1890 मध्ये सुरवंटांच्या डोक्याची रुंदी मोजून दाखवले की प्रत्येक कातीला ती साधारण एकाच पटीने वाढते. हा नियम काडीकिड्याला कितपत लागू पडतो, हे नववीचा विद्यार्थी फूटपट्टी, भिंग आणि भागाकार एवढ्यावर तपासू शकतो. गुणोत्तराचा याहून जिवंत धडा आम्हाला माहीत नाही. ज्या शाळेत काडीकिडा पाळला जातो आणि तो मोजला जात नाही, तिथे तो शोकेसमधला आहे असेच म्हणावे लागेल.

पायाबद्दल दोन शब्द. काडीकिड्याचा पाय शत्रूने पकडला तर तो तुटून वेगळा होतो आणि पुढच्या कातींबरोबर नवा फुटतो. काही पुस्तिका हे दाखवण्यासाठी पाय तोडायला सुचवतात. आमचा याला स्पष्ट विरोध आहे, आणि तो केवळ भावनेपोटी नाही. रानात सापडणाऱ्या किड्यांत असा नवा पाय फुटलेले किडे आधीच असतात. भिंगातून पावलाकडे पाहा: मूळच्या पावलाला पाच पेरे असतात, नव्याने फुटलेल्याला चार. म्हणजे कोणताही जीव न दुखावता, त्याच्यावर पूर्वी काय गुदरले ते मूल वाचू शकते. तोडून पाहण्यापेक्षा हे वाचणे कठीण आहे आणि म्हणून जास्त शिकवणारे आहे.

अंडीही अशीच वाचण्याजोगी. ती खाली टपटप पडतात आणि हुबेहूब बियांसारखी दिसतात. अनेक जातींच्या अंड्याच्या टोकावर एक लहानशी टोपी असते. मुंग्या तिच्या लोभाने अंडे वारुळात नेतात, टोपी खातात आणि अंडे तसेच सोडून देतात. जमिनीखाली ते परजीवी गांधीलमाश्यांपासून वाचते. खानदेशातल्या मुलाला हे पटवायला एरंडीचे बी पुरे आहे. त्याच्या टोकावरची मऊ पांढरट गाठ हेच काम करते. एक वनस्पती, एक कीटक, आणि दोघांनी मुंगीला दिलेली लाच जवळपास सारखीच!

आपल्याकडे कीटक पाळण्याची परंपरा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. पावसाळ्यात बाभळीवरचा हिरवा चकाकणारा सोनकिडा पकडून काड्यापेटीत ठेवायचा, त्याला बाभळीची पाने घालायची आणि त्याने अंडी घातली की सगळ्यांना दाखवायची, हे महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांनी केले. त्यात हौस होती, निरीक्षणही होते. अडचण एवढीच की सोनकिड्याची अळी जमिनीत मुळे खाऊन वाढते, ती काड्यापेटीत कधीच दिसत नाही, आणि पेटीतला प्रौढ किडा काही आठवड्यांत मरतो. गोष्ट मधेच सुरू होते आणि मधेच तुटते. दुसऱ्या टोकाला कृषी महाविद्यालयांतली कीटकसंग्रहाची पेटी. तिथे किडा टाचणीवर असतो, नाव अचूक असते, पण तो काय खातो हे विचारण्याची सोय उरलेली नसते. सातपुड्यापलीकडे, होशंगाबाद जिल्ह्यात 1972 ते 2002 पर्यंत चाललेल्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमात गावातल्या शाळांतली मुले शेणावर माशीच्या अळ्या वाढवून जीवनचक्र पाहत. किडसवाणे वाटले तरी त्यामागची दृष्टी आम्हाला विलायती पुस्तिकांपेक्षा जवळची वाटते: जे दाराशी आहे तेच घ्यावे.

काडीकिडा दाराशी नसला तरी फार लांब नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही काळ सातपुड्याच्या व अजिंठ्याच्या डोंगरातल्या झुडपांवर तो दिसतो. दिवसा तो काडीच असतो. रात्री विजेरीच्या उजेडात खाताना सापडतो. साप-विंचवाचा विचार करून मोठ्यांनीच जावे. यावल, अनेर धरण किंवा गौताळा अभयारण्याच्या हद्दीतून मात्र काहीही आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून परवान्याशिवाय जीव उचलणे गुन्हा आहे, मग तो बोटाएवढा का असेना. बाहेरच्या देशातले किडे मागवण्याचा मोह तर सपशेल टाळावा. जिवंत कीटकांच्या आयातीवर वनस्पती संगरोधाचे निर्बंध आहेत आणि ते उगाच नाहीत. शेंबगनूरचा हाच किडा अमेरिकेत कॅलिफोर्नियात सुटला आणि बागांतल्या झाडांवर उपद्रवी होऊन बसला. नराशिवाय वाढणाऱ्या जातीची एक मादी किंवा कचऱ्यातून बाहेर गेलेली चार अंडीसुद्धा त्याला पुरतात.

म्हणून ‘सत्र संपल्यावर किडे बागेत सोडून द्यावेत’ ही सूचना आम्ही खोडून टाकू. जिथून आणला त्याच झुडपावर नेऊन सोडावा. त्यासाठी आणतानाच जागा लिहून ठेवलेली हवी. पिंजऱ्याच्या तळाशी विष्ठेत मिसळलेली अंडी वेचून घ्यावीत, आणि जी वाढवायची नाहीत ती बर्फाच्या कप्प्यात काही दिवस ठेवून मगच टाकावीत. वाढवायची अंडी पसरट बशीत कोरड्या वाळूवर ठेवावीत. रोज पाणी शिंपडले तर बुरशी येते. ती फुटायला कित्येक महिने लागू शकतात. तेव्हा एप्रिलमध्ये शाळा सुटताना बशी कोणाच्या घरी, कोणत्या कोपऱ्यात राहणार, हे मार्चमध्येच ठरवून टाकावे. कूलरच्या थेट झोतात नको, पत्र्याखाली तर नकोच. बशीवर तारीख आणि झाडाचे नाव लिहिलेली चिठ्ठी असावी, म्हणजे घरातले कोणी ती धुवायला टाकणार नाही.