थॉमस मेयो यांचे लेखन : ‘मी’कडून ‘आम्ही’कडे

टोरेस सामुद्रधुनी द्वीपवासी समाजातील थॉमस मेयो हे डार्विनचे गोदी कामगार. पुढे ते मेरिटाइम युनियन ऑफ ऑस्ट्रेलियाचे पदाधिकारी झाले. 2017 च्या उलुरू निवेदनाने मूलनिवासींच्या ‘आवाजा’ला राज्यघटनेत स्थान मागितले. त्या निवेदनाचा सह्यांनी भरलेला कॅनव्हास घेऊन मेयो देशभर हिंडले. ‘फाइंडिंग द हार्ट ऑफ द नेशन’ (2019) हा ग्रंथ या भ्रमंतीतून साकारला.

ग्रंथाचे वेगळेपण त्याच्या रचनेत आहे. लेखक आत्मकथनापाशी न थांबता भेटलेल्या माणसांच्या कहाण्यांना जागा देतो. प्रत्येकाचे ऐकून मग एकमुखाने मागणी मांडण्याची कामगार सभेची रीत येथे निवेदनपद्धती बनते. तथापि तिची मर्यादाही येथेच जाणवते. सभेतील श्रोता समदुःखी असतो. सार्वमतातील मतदार बहुधा अपरिचित असतो. 14 ऑक्टोबर 2023 रोजी सुमारे 60 टक्के मतदारांनी आणि सर्व सहाही राज्यांनी हा प्रस्ताव फेटाळला.

असे असले तरी केवळ मतमोजणीवरून या ग्रंथाचे मूल्यमापन करणे योग्य ठरणार नाही. मागणीमागील माणसे त्याने वाङ्मयात नोंदवली, हे त्याचे महत्त्व मान्य करावे लागते.